विहिरीवरचा माणूस

आमच्या गावच्या मैदानात एक विहीर आहे. मैदानाशेजारी नाही, मैदानात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग शहाणपणा शिकवतो, की मग तुम्ही दुसरीकडे का खेळत नाही? दुसरीकडे म्हणजे कुठे? मुरबाडच्या या अंगाला सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरं, आणि एकमेकांना लागून अशी तीन मोठी खाचरं फक्त आमच्या भावकीची. भात कापून, झोडून झालं की आम्ही मधले दोन बांध फोडतो, धसकटं खणून काढतो, मधल्या खाचरात माती भिजवून, शेणाने सारवून खेळपट्टी करतो. पुढे पाऊस जवळ आला की हीच खेळपट्टी नांगराने मोडतो आणि बांध परत घालतो. म्हशाची बैलबाजाराची जत्रा उरकेपर्यंत गावातले अर्धे पुरुष बैलांच्या मागे असतात, म्हणून स्पर्धा जत्रेनंतरच्या रविवारांना. टेनिसचा चेंडू, आठ षटकांचा डाव. माझ्या जन्माच्या आधीपासून हे असंच चाललं आहे.

विहीर पणजोबांनी खणली. तिला कठडा नाही. दगडाचा सगळ्यात वरचा थर जमिनीच्या बरोबरीने, आणि आत एकदम काळोख. फलंदाजाच्या डाव्या हाताला, चुन्याच्या रेघेच्या आठ-दहा पावलं आत. आमच्या वडीलधाऱ्यांनी नियम केला होता, की चेंडू विहिरीत गेला तर फलंदाज बाद, आणि ज्याने मारला त्यानेच उतरून तो काढायचा. या नियमाचा परिणाम असा झाला की आमच्या गावात डावीकडे मारणारा पोरगा निपजलाच नाही. सगळे उजवीकडे झोडणारे. दुसऱ्या गावाला खेळायला गेलो की तिथले गोलंदाज हसत हसत पायावर टाकत राहायचे आणि आमचे वाघ नुसते ढकलत बसायचे.

दुसरी रीत म्हणजे विहिरीवरचा माणूस. अकरा या बाजूचे, अकरा त्या बाजूचे, दोन पंच आणि एक विहिरीवरचा. तो कोणाच्याच बाजूचा नाही. त्याने विहिरीच्या अलीकडे, तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं. कोणी चेंडूमागे त्या दिशेला धावत आला की हात पसरून एकच शब्द ओरडायचा, "विहीर!" बस्स. तो शब्द ऐकला की धावणारा थांबायचा. मग तो आमचा असो की शहापूरचा, शेवटच्या चेंडूवर सामना अडलेला असो, थांबायचा म्हणजे थांबायचा.

अठरा वर्षं तो माणूस मी होतो.

मी वाईट खेळायचो हे सांगून टाकतो. बॅट हातात आली की मला घाम फुटायचा आणि झेल घ्यायला गेलो की डोळे मिटायचे. म्हणून मला विहिरीवर उभं केलं. सुरुवातीला राग आला, नंतर सवय झाली, आणि नंतर, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायला लागला. बायको चिडवायची, "अठरा वर्स किरकेट खेलता आन एक चेंडू नाय धरला कदी." पण तिला काय माहीत! सगळं गाव चेंडूकडे बघत असतं. मी एकटा धावणाऱ्याच्या पायांकडे बघायचो. चेंडू कुठे पडला हे मला कित्येकदा टाळ्या वाजल्यावर कळायचं. पाय मात्र मी एकही चुकवला नाही. त्या अठरा वर्षांत विहिरीत चेंडू गेले, एकदा पंचाची टोपी गेली, एकदा कोणाची तरी कोंबडी गेली. माणूस गेला नाही.

गेल्या हंगामापासून सामने मोबाईलवर थेट दिसू लागले. मचाण बांधून त्यावर कॅमेरा ठेवतात, आणि वाशिंदला कारखान्यात कामावर असलेला आमच्या गावचा एखादा पोरगा जेवणाच्या सुट्टीत गावचा सामना बघतो. चांगली गोष्ट आहे. पण त्याबरोबर बाहेरचे संघ यायला लागले आणि त्यांनी विहिरीवरून नाकं मुरडायला सुरुवात केली. चांगला सणसणीत फटका मारावा आणि चेंडू विहिरीत पडला म्हणून बाद व्हावं, हे त्यांना पटेना. मोबाईलवर सामन्याखाली कोणीतरी लिहायचं, हे क्रिकेट आहे की पोहण्याची शर्यत? आमच्या पोरांना ते फार लागलं.

या वर्षी पौषात मिटिंग बसली. संघाचा कप्तान माझ्या चुलतभावाचा मुलगा. पोरगा कष्टाळू, मनाने चांगला, फक्त घाईचा. तो म्हणाला, "विहीर झाकायची. वरून बांबू टाकू, जाळी टाकू, पेंढा पसरू. चेंडू आत जानार नाय, कोन बाद व्हनार नाय, टाइम वाचल."

"आन विहिरीवर कोन उभा ऱ्हाईल?" मी विचारलं.

"उभं कशाला ऱ्हायचं काका? झाकल्यावर विहीर ऱ्हायली कुठं? तुमी आता माईकवर बसा. कॉमेंट्री करा. तुमचा आवाज म्हंजे काय साधा हाय? अठरा वर्स सगला मैदान थांबवलाय तुमी त्या आवाजानी."

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच, आणि मी चढलो. घरी जाताना रस्त्यात, कोणी नाही बघून, मी एकदोनदा आवाज काढूनही पाहिला. "आणि हा चेंडू थेट सीमारेषेपार!" मुरबाडला दूध घालायला जाणाऱ्या माणसाला आयुष्यात किती वेळा कोणी माईक देतं?

विहीर झाकली त्या दिवशी मी तिथेच होतो. बांबू गेल्या वर्षीच्या मांडवाचे. वर्षभर शाळेच्या मागे पावसात पडलेले. एक उचलला तर त्याच्या टोकातून पिवळी भुकटी गळली आणि माझ्या चपलेवर पडली. ज्याच्या घरात बांबू आहे त्याला ही भुकटी काय ते सांगावं लागत नाही. आत किडा असतो, बाहेरून बांबू धडधाकट दिसतो. मी कडेच्या बांबूवर पाय देऊन बघितला. तो वाकला नाही, पण आतून करकरला. कप्तान म्हणाला, "त्याच्यावर कोन नाचनार हाय काका? नुसता चेंडू अडवायचाय." खरंच होतं ते. गावात रांगत्या पोरालाही विहीर कुठे आहे हे माहीत. मी गप्प बसलो. बोललो असतो तर नवे बांबू आणायला एक रविवार गेला असता, आणि मला तर रविवारची घाई झालेली.

पेंढा पसरला. त्यावर पोरांनी हिरवी जाळी ताणली आणि जाळीवर परत माती भुरभुरवली, का तर कॅमेऱ्यात डाग दिसू नये. कामात पोरं वाकबगार. संध्याकाळी मी मचाणावर चढून बघितलं तर विहीर कुठे ते मलाही एकदम सांगता येईना. माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, तिथून हंडा घेऊन चालली होती. नळाला पाणी नसलं की आमच्या घरच्या बायका याच विहिरीवर यायच्या. पाणी काढायला कडेला एक फट ठेवली होती. ती फटीशी वाकली, मग हंडा तसाच रिकामा उचलून उभी राहिली.

"उघडी व्हती तवा भ्या नाय वाटला," ती म्हणाली. "आता वाटतंय." आणि पाणी न घेता घरी गेली.

पहिले तीन रविवार काही झालं नाही. नाणेफेकीच्या वेळी पंच बाहेरच्या कप्तानाला न चुकता हाताने दाखवायचा, तिकडे झाकलेली विहीर आहे, पाय टाकायचा नाही. पाहुणा कप्तान आपल्या पोरांना सांगायचा. आमच्या संघाला सांगायची गरजच नव्हती. मी माईकवर रंगात आलो होतो. पण मधल्या दिवसांत दुधाच्या खेपेला जाता-येता तिथे थांबायचो. पेंढा मध्यभागी बसत चालला होता. रोज थोडा थोडा. एक कुत्रा तिथे उन्हात झोपायचा, त्याने जागा बदलून बांधावर नेली. मी एकदा कप्तानाला म्हटलं, मधे खोल दिसतंय रे. तो म्हणाला, दव पडून पेंढा दबला असंल. मीही मान हलवली. मनातून मला ते खोटं आहे हे कळत होतं, आणि तरीही मी मान हलवली, हे इथे लिहून ठेवतो.

अंतिम सामना माघातला. दुपारची वेळ. सिद्धगडाच्या बाजूने गरम वारा सुटलेला, मांडवाचं कापड फडफडत होतं. आमच्या संघाचा एक खेळाडू बोट मोडून बसला होता, म्हणून कप्तानाने जावयाला बोलावलं. आमच्याकडे रीत आहे, गावचा जावई गावच्या संघातून खेळू शकतो. त्याला बाहेरचा धरत नाहीत. हा जावई म्हणजे माझ्या पुतणीचा नवरा. थोरला भाऊ गेल्यावर तिचं कन्यादान मीच केलं होतं, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जावई वाशिंदचा, तिथल्याच कारखान्यात कामाला. झेल घेण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता. सकाळची पाळी संपवून तो मोटारसायकलने थेट आला, पण सासुरवाडीत आलेला जावई जेवल्याशिवाय मैदानात जाईल कसा? वहिनीने बसवून वाढलं. तो मैदानात आला तेव्हा आमची फलंदाजी संपून समोरच्यांची सुरू व्हायची होती. नाणेफेक कधीच झाली होती.

मी माईकवर सांगितलं, "आणि आता मैदानात उतरत आहेत आपल्या गावचे लाडके जावई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने लाजत हात वर केला. कप्तानाने त्याला डावीकडे धाडलं, कारण समोरचा मोठा फलंदाज तिकडेच मारणार हे सगळ्यांना माहीत होतं.

तो तिथे जाऊन उभा राहिला आणि माझी नजर त्याच्या पायांकडे गेली.

हा माणूस वर्षभरात आमच्या घरी पाच-सहा वेळा आला असेल. प्रत्येक वेळी त्याला खुर्ची दिली, पाय धुवायला गरम पाणी दिलं, वडे केले, आणि टॉवेल-टोपी देऊन परत पाठवलं. जावयाला कोणी शेतावर नेतं का? जावयाला कोणी विहीर दाखवतं का? गावातलं लहान पोर, म्हातारी, गुरं, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट त्या एकट्या माणसाला ठाऊक नव्हती, आणि ती त्याला ठाऊक नाही हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तो तिच्यापासून पंधरा पावलांवर उभा होता.

कप्तानाने सांगितलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग म्हटलं, माझ्या हातात माईक आहे, एक वाक्य बोलायला काय जातं? पण अंतिम सामना, कॅमेरा चालू, समोर चार गावची माणसं, आणि आपण जावयाला सगळ्यांसमोर सांगायचं की बाबा जपून, मागे खड्डा आहे? चेष्टा व्हायची. तेवढ्यात मांडवातून कोणीतरी पाहुण्यांच्या नावांची चिठ्ठी पुढे सरकवली. मी ठरवलं, एवढी नावं वाचतो आणि मग षटक संपलं की सांगतो. वाचता वाचता दोन चेंडू गेले.

तिसरा चेंडू फलंदाजाने उचलला. उंच, फार उंच. सगळं मैदान मान वर करून बघत होतं आणि मीही मान वर केली होती. अठरा वर्षं मी चेंडूकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तो उन्हात शिरला, बाहेर आला, डावीकडे उतरू लागला आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी माईक तोंडाला लावून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "घ्या जावई, घ्या! सोडू नका, मागे जा! घ्या!"

तो मागे गेला. उलट्या पावलांनी, डोळे आभाळात लावून, दोन्ही हात वर. चेंडू त्याच्या हातात बसलेला मी स्पष्ट पाहिला. पुढच्या क्षणी तो तिथे नव्हता. नुसती मातीची धूळ वर आली. बांबू मोडल्याचा आवाज मांडवापर्यंत पोचला नाही, म्हणून लोकांना वाटलं तो झेल घेऊन पेंढ्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढोल वाजला. मी तेव्हा धावत सुटलो होतो आणि पाठीमागे तो ढोल वाजतच होता.

त्या विहिरीच्या पायऱ्या म्हणजे भिंतीतून पुढे आलेले दगड. गाळ काढायला मी तरुणपणी कितीदा उतरलो आहे, माझ्या पायांना ते दगड पाठ आहेत. खाली छातीभर पाणी, त्यावर पेंढा आणि मोडके बांबू तरंगत होते. तो बाजूच्या खडकावर आपटून पाण्यात घसरला होता. शुद्ध अर्धवट. मी त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि वरून बाज आणि दोर येईपर्यंत तसाच उभा राहिलो. तो एकच विचारत होता, "काका, पाय कुठं हायत माझं?" पाय पाण्यात होते, जागच्या जागी होते. मला दिसत होते. त्याला कळत नव्हते. मी देवाला नवस बोललो, की माझे घे, याचे सोड.

आधी मुरबाडला आणि तिथून कल्याणला नेलं. पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले वाचेल, चालण्याचं मात्र सांगता येत नाही. माझी पुतणी तीन आठवडे तिथल्या बाकावर झोपली.

गावात माझं नाव झालं. पन्नाशी उलटलेला माणूस क्षणाचा विलंब न करता विहिरीत उतरला, असं जो तो म्हणायचा. कप्तान माझ्या पायाशी येऊन रडला. ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ दिलं आणि मी ते घेतलं. त्या दिवसाचं चित्रण पोरांनी काढून टाकलं. विहिरीला आता कठडा बांधला आहे, कमरेएवढा. त्या वेळच्या गोंगाटात माझं ते ओरडणं कोणी ऐकलं असेल, लक्षात ठेवलं असेल, असं मला वाटत नव्हतं. कोणी विषय काढला नाही. वहिनीनेही नाही. हळूहळू मीही स्वतःला समजावू लागलो, की झेल तर तो घेणारच होता. खेळाडू आहे. चेंडू डोक्यावर आल्यावर कोण सोडतो? मी ओरडलो काय, न ओरडलो काय.

पाऊस सुरू व्हायच्या आधी मी वाशिंदला त्याच्या घरी गेलो. सोबत घरचं तूप आणि नव्या तांदळाची पिशवी. तो खाटेवर बसला होता, पाठीला पट्टा, शेजारी वॉकर. डाव्या पायात थोडी जान आली होती, उजवा अजून लाकूडच. कारखान्याने त्याच्या जागेवर दुसरा माणूस घेतला होता. तरी तो मला बघून मनापासून हसला. पुतणी पाणी आणायला आत गेली.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "काका, तुमी खाली उतरलात म्हनून मी हाय. हे मी जलमभर इसरनार नाय."

मी म्हटलं, असं बोलू नका.

"नाय, खरंच. आन गंमत सांगू? तो कॅच मी सोडला व्हता." तो अजून हसतच होता, जुनी खोडी सांगावी तसा. "उन्हात चेंडूच दिसंना. मी थांबलेलो. म्हटलं जाऊ दे चौका. मंग माईकवर तुमचा आवाज आला, घ्या जावई, सोडू नका. म्हटलं काका बोलतात म्हंजे काकांना दिसतंय. काका त्या मैदानातले जुने. म्हनून गेलो मागं." त्याने दोन्ही तळवे जोडून, ओंजळ करून मला दाखवले. "आन घेतला ना? तुमी बघितला ना?"

"बघितला," मी म्हणालो.

पुतणी तांब्या-भांडं घेऊन दारात उभी होती. कधीपासून उभी होती ते मला माहीत नाही. लहानपणापासून ती मला पाणी हातात देत आली आहे. आज तिने भांडं माझ्या पायाशी जमिनीवर ठेवलं आणि आत गेली.